नकार दाखवायचा होता

दर रविवारी दुपारी तीन वाजता मी दोरवाल्यांच्या गल्लीचा इतिहास सांगतो. गल्ली एकशे ऐंशी पावलांची आहे आणि इतिहास दोन तासांचा, त्यामुळे पावलं जरा आखूड टाकावी लागतात.

माझं नाव को चिंगहुई, पण तैनानच्या या भागात ते कोणाला सांगितलं तर लोक विचारात पडतील. सगळे मला मास्तर म्हणतात. मी कधी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. चौतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले. निवृत्त झालो तेव्हा नगरपालिकेने तीन दिवसांचं शिबिर घेतलं, गळ्यात बिल्ला अडकवला आणि मला वाटाड्या केलं. शिबिरात एकच गोष्ट शिकलो : पाहुण्याने काही विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. हा नियम मी अजून मोडलेला नाही. गल्लीच्या तोंडाशी एक दगड आहे. त्याला मी आजवर गलबतं बांधायचा खुंटा, एका सरदाराचं आसन आणि खाडी बुजवल्याची खूण, असं तीन वेगवेगळ्या रविवारी सांगितलंय. दगडाने हरकत घेतलेली नाही.

या गल्लीत दुसरं मोठं माणूस म्हणजे मानमेई वहिनी. वहिनी मूळच्या मेईनोंगच्या डोंगराकडच्या, हाक्का समाजाच्या घरातल्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून त्यांना ‘ती नवीन’ म्हणतात. नवरा गेला. त्यानंतर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी साबाही माशाच्या पेजेचं दुकान टाकलं. साबाही म्हणजे काट्यांच्या पुडक्याला थोडं मांस लावून देवाने पाठवलेला मासा. वहिनी तो समोर बसून सोलतात. बोटं दिसत नाहीत, फक्त काटे एका बाजूला जमताना दिसतात. समुद्राकाठच्या बायकांनी डोंगरातल्या बाईकडून साबाही शिकावा ही गल्लीची जुनी नामुष्की आहे. सकाळी साडेपाचला सगळ्या तिथेच येऊन ती नामुष्की वाटीभर पितात.

घर मात्र वहिनींचं नव्हे. घर कुंग शेठचं.

कुंग शेठ अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करतात. समोरच्या बाजूला त्यांची चार मजली इमारत आहे, लिफ्टसकट. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कल्पना सुचतात. मागे एकदा मांजरांचं चहाघर सुचलं, त्याआधी खिडक्यांचं संग्रहालय. या वर्षी सुचलं पाहुण्यांसाठी निवास. आता जुनी घरं लोकांना आवडतात, त्यामुळे वहिनींच्या घरात चार खाटा टाकायच्या आणि बाहेर कंदील लावायचा. वहिनींना त्यांनी सांगितलं, नववर्षाआधी घर रिकामं करा.

हे त्यांनी वहिनींच्याच दुकानात, वहिनींचीच पेज पिता पिता सांगितलं. अकरा जण बसले होते. बारावा मी, दुसरी वाटी घेत होतो.

वहिनींनी हातातला मासा पूर्ण सोलला. मग म्हणाल्या, “आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला भूमिबाबांचा कौल आहे. यंदा मी नाव दिलंय.”

“द्या की. त्याचं काय?”

“कौल मला लागला तर देव वर्षभर माझ्या घरी बसणार. त्याला पण रिकामं करायला सांगणार का?”

शेठ हसले. गल्लीत कोणत्याही वर्षी एका घराला कौल लागायचा असतो आणि घरं अठ्ठेचाळीस, एवढा हिशेब त्यांना येतो. “मानमेई ताई, देव या घरात येऊन बसला तर वर्षभर मी इथल्या छपराच्या कौलालाही हात लावणार नाही. देवाला नोटीस देणारा माणूस मी नाही.”

“बारा जणांनी ऐकलंय,” वहिनी म्हणाल्या.

“चोवीस कानांनी,” मी म्हणालो. मला वाटलं मी वहिनींची बाजू घेतोय. पुढे जे झालं त्यात माझी हीच एक जमेची बाजू आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एक वर्ष मिळालं असतं तर वहिनींचं काम होणार होतं. कुंग शेठची कुठलीच कल्पना वर्षभर टिकत नाही, हे मांजरांना विचारा.

*

पौर्णिमा त्या वर्षी नेमकी रविवारी आली. म्हणजे तीन वाजता माझे पाहुणे आणि साडेतीनला देवळात कौल. पाहुणे तैपेईचे, तेरा जण. त्यांच्यात फेंग बाई म्हणून दातांच्या डॉक्टर होत्या. या बाई प्रत्येक गोष्टीकडे किडका दात शोधत असल्यासारख्या बघायच्या आणि मग शांतपणे प्रश्न विचारायच्या.

“हा दगड कसला?”

“पूर्वी इथे दोरांची लांबी मोजायचे,” मी म्हणालो. चौथा इतिहास मला तिथल्या तिथे सुचला आणि आधीच्या तिन्हींपेक्षा बरा वाटला.

नगरपालिकेच्या कागदावर दुपारचे तीन कार्यक्रम छापलेले होते : कंदील रंगवणे, तांदळाच्या पिठाचं लाल कासव करणे, आणि देवळात कौल लावून पाहणे. कंदील झाला, कासवं झाली. एका पाहुण्याचं कासव चपटं झालं, त्याला मी दुर्मीळ जात म्हणालो. गल्लीभर पपनसं सोललेली होती, पोरांनी त्यांच्या साली टोप्यांसारख्या डोक्यावर घातल्या होत्या, आणि संध्याकाळी मांस भाजण्यासाठी घराघरापुढे शेगड्या मांडून ठेवल्या होत्या.

देवळातून ध्वनिक्षेपकावर याओ आजोबांचा आवाज येत होता. आजोबा शहाऐंशी वर्षांचे, देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष. ऐकू कमी येतं, त्यामुळे ध्वनिक्षेपकाचा आवाज त्यांना पुरेल इतका ठेवतात आणि बाकीच्या गल्लीला तो उरतो. एकेक घराचं नाव पुकारलं जाई. त्या घरच्याने पुढे यायचं, देवाला नाव, पत्ता आणि जन्मतिथी सांगायची आणि कौल टाकायचा. दोन लाकडी तुकडे, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूने सपाट आणि एका बाजूने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार. दोन्ही फुगीर वर आले की नकार. दोन्ही सपाट वर आले की देव हसतोय, पुन्हा विचार. ज्याला सलग जास्तीत जास्त होकार मिळतील, त्याच्या घरी देवाची धूपदाणी आणि हातभर उंचीची मूर्ती वर्षभरासाठी जाते, आणि तो त्या वर्षाचा धूपमालक.

माझंही नाव पुकारलं. मी तेव्हा लाल कासवाच्या पाठीवरच्या नक्षीचा अर्थ सांगत होतो. नाही गेलो.

थोड्या वेळाने देवळात टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मी पाहुण्यांना घेऊन आत गेलो तर मानमेई वहिनी देवापुढे उभ्या, कपाळावर घाम, आणि आजोबा ध्वनिक्षेपकात म्हणत होते, “सहा. चुंग मानमेई, सहा होकार.”

सहा म्हणजे खेळ नव्हे. मागच्या साली चारवर भागलं होतं. दाराशी कुंग शेठ उभे होते, निळ्या-पांढऱ्या रबरी चपला, हात पाठीमागे. त्यांचा चेहरा बघून मला मनापासून आनंद झाला.

“झालं की हो, वहिनी,” मी म्हणालो.

“अजून कुठे. दोन घरं राहिलीत.” पण त्यांच्या आवाजात ‘अजून कुठे’ नव्हतं. त्या घरी कोणत्या भिंतीला देव मांडायचा याचा विचार करत होत्या, डोळ्यांवरून कळत होतं.

राहिलेल्या दोन घरांपैकी एकाला एक होकार आला, एकाला देव पहिल्यालाच हसला. सगळे मागच्या अंगणात चहा प्यायला गेले. धूपमालकाच्या गळ्यात घालायची लाल फीत कपाटात सापडेना, ती शोधायला दोघं गेले. आजोबा तेवढे ध्वनिक्षेपकाशी बसून होते, डोळे मिटून.

देवापुढची जागा रिकामी झाली, तेव्हा फेंग बाई म्हणाल्या, “आणि हे कौल लावून पाहणे?”

कागदावर छापलंय म्हटल्यावर करणं भाग होतं. सरावासाठी ठेवलेली कौलाची जोडी बाजूच्या टेबलावर असते, ती त्या दिवशी कोणीतरी उचलून नेली होती. म्हणून मी मुख्य जोडी घेतली. चहा चालू आहे, तोवर दोन मिनिटं, कोणाचं काय जातंय.

आता माझा एक दोष आहे, तो सांगायला हवा. मी कुठलीही गोष्ट अर्धवट दाखवत नाही. शिबिरातले दुसरे वाटाडे नुसते तुकडे खाली टाकून दाखवतात. मला ते पटत नाही. मी गुडघे टेकले, तुकडे कपाळाला लावले आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवाला सांगितलं : नाव को चिंगहुई, राहणार दोरवाल्यांची गल्ली, क्रमांक एकतीस, दुसरा मजला, जन्म अमुक साल, पाचवा महिना, एकोणिसावी तिथी.

“मग प्रश्न विचारायचा,” मी मान वळवून म्हणालो. “मनात. मी विचारला समजा. आता हे बघा.”

टाकले. एक सपाट, एक फुगीर.

“हा होकार. आता नकार कसा दिसतो ते दाखवतो.”

टाकले. होकार.

“हा पण होकारच. नकार वेगळा असतो.”

पुन्हा होकार. पाहुणे सौजन्याने बघत होते. चौथ्या वेळी मी जरा उंचावरून टाकले, म्हणजे उसळून उलटतील. उसळले, आणि होकार होऊन बसले.

“नकार दुर्मीळ असतो का?” फेंग बाईंनी विचारलं.

“ऋतूवर असतं,” मी म्हणालो.

पाचव्याला मी दोन्ही तुकडे हातातच फुगीर बाजू वर करून धरले आणि अलगद सोडले. हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. एक तुकडा अर्ध्यावर वळला. होकार. माझ्या पाठीमागे चपलांचा आवाज वाढत चालला होता. मला वाटलं, आणखी पाहुणे आले असतील, आपल्या सांगण्याचा लौकिक वाढतोय. सहाव्याला मी न बघताच टाकले आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. चेहऱ्यांवर होकार होता. सातव्याला तर मी देवाकडे जरा रागाने बघितलं. वाटाड्याला पाहुण्यांसमोर असं खोटं पाडायचं नसतं.

होकार.

“सात,” ध्वनिक्षेपक म्हणाला. “को चिंगहुई. सात होकार.”

मी वळलो. चहाचे पेले हातात घेऊन सगळी गल्ली उभी होती. याओ आजोबांचे डोळे उघडे होते, आणि त्यांच्यापुढच्या पाटीवर माझ्या नावापुढे खडूच्या सात रेघा होत्या. हाताला चाळा म्हणून मी आठवा टाकला. दोन्ही फुगीर वर आले. अखेर मला नकार दाखवता आला, पण तो कोणी बघितला नाही.

“आजोबा,” मी म्हणालो, “मी पाहुण्यांना दाखवत होतो.”

“घंटा वाजली होती का?”

खांबावरची घंटा वाजवून कौल संपतो. ती वाजली नव्हती. माणसं फीत शोधत होती.

“नाव सांगितलंत?”

“सांगितलं.”

“पत्ता?”

“क्रमांकासकट.”

“जन्मतिथी?”

“चांद्रमासाची,” मी म्हणालो.

“मग दाखवत काय होतात?”

“देवाला कळायला नको का, की हा नुसता कार्यक्रम आहे?”

“देवाला सगळं कळतं, असं दर रविवारी कोण सांगतं या देवळात?”

गल्ली गप्प होती. एवढ्या गप्प गल्लीत मी फक्त मीटर वाचायला जात असे तेव्हा गेलोय.

मानमेई वहिनी पुढे आल्या. चेहरा सरळ. “अभिनंदन, मास्तर,” म्हणाल्या. “उद्या पेजेला या. परवापासून दुसरं दुकान बघा.”

कुंग शेठनी पाठीमागचे हात पुढे घेतले आणि टाळी वाजवली. एकच, पण मोकळी.

*

गल्लीत दोन गोष्टींना उपाय नसतो असं लोक म्हणतात : नगरपालिकेचं खोदकाम आणि देवाचा कौल. खोदकामाबद्दल मला मान्य आहे. कौलाला मात्र उपाय असतो. देवाला पुन्हा विचारायचं. प्रश्न बदलून बदलून विचारायचं, जोवर तो हो म्हणत नाही. आमचे भूमिबाबा म्हातारे आहेत आणि ऐकून घेतात. फक्त सलग तीन होकार लागतात.

“आजोबा,” मी म्हणालो, “मी माझा मान वहिनींना देतो. विचारा देवाला.”

आजोबांनी स्वतः कौल टाकला. दोन्ही फुगीर. फेंग बाईंनी लगेच फोटो काढला.

“नाही म्हणतोय,” आजोबा म्हणाले.

“झालेलं चुकून झालं का, ते विचारा.”

टाकला. दोन्ही सपाट, जमिनीवर डुलत राहिले. देव हसत होता, आणि थोडा वेळ हसतच होता.

“मास्तर, पुरे आता,” कुंग शेठ म्हणाले. “देवाने निवडलं, आपण मान तुकवायची. फीत घाला त्यांना.”

फीत सापडली होती. कोणीतरी ती माझ्या गळ्यात घातली, बिल्ल्याच्या वरून. त्या क्षणी, मान खाली असताना, मला माझ्या घराचं छत आठवलं.

“थांबा,” मी म्हणालो. “देवाच्या डोक्यावर कोणी चालायचं नसतं.”

“नसतंच,” आजोबा म्हणाले.

“मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. वर आणखी तीन मजले आहेत. थेट माझ्या वरती लो बाई राहतात, त्या रोज सकाळी सहा वाजता गाणी लावून व्यायाम करतात. उड्या मारतात.”

गल्लीने मान हलवली. लो बाई गर्दीत होत्या, त्यांनीही हलवली. “बुधवारी नाही मारत,” त्या म्हणाल्या, पण बुधवारी तेवढा देव आणि बाकीचे सहा दिवस उड्या, हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं.

“मग धूपमालक मास्तर,” आजोबा सावकाश म्हणाले, “आणि देव बसायचा दुसरीकडे. पूर्वी एकदा असं झालंय. माझ्या वडिलांच्या वेळी. धूपमालक होडीत राहायचा.”

हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही. म्हणजे, मला माहीत नाही असं मी फक्त इथे म्हणतो.

कुंग शेठ दोन पावलं पुढे आले. “जागेचा प्रश्न असेल तर माझा चौथा मजला आहे. वर फक्त आकाश. संगमरवराची फरशी. लिफ्ट आहे, आजोबांना जिना नको.”

“विचारू,” आजोबा म्हणाले. टाकला. देव हसला.

“तुम्ही हळू विचारलंत,” शेठ म्हणाले. “लिफ्टचं सांगा त्याला.”

आजोबांनी लिफ्टचं सांगितलं, ध्वनिक्षेपकातून सांगितलं, टाकला. देव पुन्हा हसला. गल्लीतही दोन-तीन जण हसले, पण खोकल्यासारखं करून.

“आता वहिनींचं घर विचारा,” मी म्हणालो. “बैठं घर. वर कौलं. कौलांवर एक मांजर, ते पण हलकं.”

“तसं नाही चालणार,” शेठ म्हणाले. “कौल ताईंना लागला तर, असं बोलणं झालं होतं.”

“तसं वहिनी म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, देव या घरात येऊन बसला तर. मी दुसरी वाटी घेत होतो. बाकीचे अकरा जण पण इथेच आहेत, विचारा.”

शेठनी आजूबाजूला बघितलं. अकराही जण पपनसाच्या फोडी सोलण्यात गढले होते, पण सोलता सोलता माना हलवत होते.

“विचारा,” शेठ म्हणाले. “तीन पाहिजेत. सलग.”

वहिनी देवाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या, ओल्या हातांनी, गिऱ्हाईक वाटी परत देईल म्हणून उभं राहावं तशा.

पहिला कौल. होकार.

दुसरा. होकार.

तिसऱ्याला आजोबांनी तुकडे जरा जोराने टाकले. एक तुकडा जिथल्या तिथे पडला, सपाट बाजू वर. दुसरा टेबलाच्या पायावर आपटला, फिरत फिरत गेला, आणि कुंग शेठच्या निळ्या-पांढऱ्या चपलेला टेकून कडेवर उभा राहिला. ना इकडे ना तिकडे.

“शेठ,” आजोबा म्हणाले, “पाय काढा.”

शेठनी पाय काढला नाही. त्यांचं बरोबर होतं. पाय काढला की तुकडा पडणार. होकार पडला तर घर गेलं, आणि दुसरं काही पडलं तर पुढची वीस वर्षं गल्ली म्हणणार, कुंगने पायाने कौल उलटवला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या त्यांच्याकडच्या आहेत.

“मास्तर,” फेंग बाईंनी हळूच विचारलं, “असं उभं राहिलं की काय अर्थ होतो?”

माझ्या एकाहत्तर वर्षांत मी कौल असा उभा राहिलेला बघितला नव्हता. पण गळ्यात बिल्ला होता, आणि त्यावर फीत होती.

“फार क्वचित होतं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “याचा अर्थ, देवाने स्वतः उत्तर दिलं नाही. ज्याच्या पायाशी तुकडा थांबला, त्याला देव विचारतोय. आता उत्तर त्याने द्यायचं.”

मी आजोबांकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

“माझे आजोबा असंच सांगायचे,” याओ आजोबा ध्वनिक्षेपकात म्हणाले.

“माझी सासू पण,” लो बाई म्हणाल्या.

कुंग शेठ उभे होते. गल्लीत कुणाच्या तरी शेगडीवर कोळसे तडतडत होते. एक डास त्यांच्या पोटरीवर बसला, त्यांना दिसला, पण त्यांनी मारला नाही. मग त्यांनी देवाकडे बघितलं. भूमिबाबा हातभर उंच, पांढरी दाढी, पुढ्यात शेंगदाण्याची चिक्की. शेठ लहान होते तेव्हा ती चिक्की पळवायचे, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे आणि बहुधा भूमिबाबांनाही.

“या घरात तो पहिल्यांदाच येणार का?” शेठनी विचारलं.

“चव्वेचाळीस वर्षांत नाही आला,” वहिनी म्हणाल्या. “त्याआधीचं तुमच्या घरच्यांना माहीत.”

“त्याआधी पण नाही. माझे वडील दरवर्षी कौल टाकायचे. एकदा पण नाही लागला. घर माझंच आहे म्हणा. म्हणजे देव एका अर्थी आमच्याच घरात बसणार.”

“एका अर्थी,” मी म्हणालो.

“होकार,” शेठ म्हणाले, आणि पाय काढला.

तुकडा पडला. कसा पडला ते मी सांगू शकत नाही, कारण मानमेई वहिनींनी तो जमिनीला लागता लागता उचलला. साबाही सोलणारे हात आहेत ते. उचलला, कपाळाला लावला आणि आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी घंटा वाजवली.

“चार खाटांची ऑर्डर दिलीये दुकानात,” शेठ जाता जाता म्हणाले. “ती रद्द केली पाहिजे.”

*

आता मी धूपमालक आहे. म्हणजे रोज सकाळी सव्वापाच आणि संध्याकाळी पाच, दोन वेळा वहिनींच्या घरी जाऊन उदबत्ती लावायची. धूपमालकाला पेज फुकट असते असं मी पाहुण्यांना बरीच वर्षं सांगत आलो. वहिनींनी ती प्रथा ऐकलेली नाही. त्यांनी देव चुलीकडे जरासा तिरका करून बसवलाय, म्हणजे त्याला माशांवर लक्ष ठेवता येईल.

कुंग शेठ रोज येतात. आधी घर बघायला येत, मग देवाला बघायला, आता सरळ पेजेला येतात आणि जाताना देवाला हात जोडतात. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “ताई, वाफेने दाढी काळी पडेल त्याची.”

“मग काय करू, पेज थंड विकू?”

दुसऱ्या दिवशी ते मापं घेऊन गेले. चौथ्या दिवशी अ‍ॅल्युमिनियमची चौकट घेऊन आले, तीन बाजूंनी काच, पुढे सरकतं दार, आत छोटा दिवा. फार सुबक काम. माणूस कल्पनांमधून मोकळा असला की हात चांगला आहे त्याचा. एका पायावर भार देऊन त्यांनी ती भिंतीवर धरली आणि मला म्हणाले, “मास्तर, सरळ आहे का बघा.”

“सरळ आहे,” मी म्हणालो. चौतीस वर्षं मीटरच्या तबकड्या बघितलेला माणूस मी, हे मला कळतं.

मग त्यांनी भिंतीत भोकं पाडली आणि ती पक्की केली. आठ स्क्रू, प्रत्येक बोटभर लांब. वर्षभरासाठी आठ स्क्रू जरा जास्त होतात. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वाटीत बघितलं.